ओल्या पोत्यातल्या काड्या

नवऱ्याचे हात रॉकेलनं धुऊन झाले, राखेनं घासून झाले, शेवटी तिनं भांड्यांची घासणीच घेतली. तरी त्यांच्यावरचा कलमांचा चीक निघेना. उजव्या अंगठ्याच्या पेरावर तर तो असा मुरला होता की कातडीचाच रंग वाटावा.

"अगं, थोडी कातडी राहू दे," तो खाटेवरून म्हणाला. "कढई आहे का ती?"

"गप बसा. हात ढिला सोडा."

"ढिलाच आहे. तूच दात-ओठ खाऊन घासतेयस."

खोटं नव्हतं ते. तपासनीस अकराला येणार होता आणि नऊ वाजून गेले होते. सरकारी कचेरीच्या पत्रात सरळ लिहिलं होतं की लाभार्थी काम करीत असल्याची तक्रार आली आहे, सबब घरी येऊन तपासणी करण्यात येईल. तक्रार कुणी केली ते लिहिलं नव्हतं. लिहितात थोडंच! गेले आठ दिवस ती रस्त्यानं जाताना एकेका तोंडाकडे बघत होती, हा असेल की ती असेल, आणि आता सगळीच तोंडं तिला सारखी दिसायला लागली होती.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस जमिनीवर कमी आणि झाडावर जास्त असायचा. कलमाला लागणाऱ्या काड्या चांगल्या झाडाच्या शेंड्यावरच्या हव्यात, आणि तिथवर चढायची छाती त्याचीच. म्हणून सगळे त्याला शेंडेवाला म्हणत. मग एक फांदी मोडली, खाली दगडी बांध होता, आणि कमरेखालचं सगळं गेलं. नाव तेवढं राहिलं.

अपंगत्वाचं सरकारी कार्ड त्यानंतरचं. त्यावर महिन्याला थोडं मानधन यायचं. त्याचं तिला एवढं नव्हतं. ओढूनताणून भागवता आलं असतं. खरी गोष्ट नळ्यांची होती. लघवीच्या नळ्या, पिशव्या, बसून बसून पाठीखाली झालेल्या जखमेची पट्टी, सगळं सरकारी दवाखान्यातून कार्डावर मिळायचं. तिसऱ्या वर्षी एका शिक्क्यापायी कार्ड चार महिने अडकलं. तेव्हा तिनं एकच नळी उकळून उकळून वापरली. त्याला ताप चढला, तो बरळायला लागला, डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. वाचला तो. पण तेव्हापासून ती फळीवरच्या नळ्या रोज मोजायची.

आणि यंदा उन्हाळ्यात वादळ झालं. बागाच्या बागा आडव्या झाल्या, प्रत्येकाला नवी कलमं हवी. नर्सरीच्या मालकीणबाई स्वतः दारात आल्या. "पायाचं काम नाही रे, बसून करायचंय. हात आहेत ना तुझे?" हात होते. हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून तो गेला, आणि पहिल्याच संध्याकाळी परत आला तो बडबडतच. दोनदा जेवायला वाढून घेतलं. ज्याच्या मागे दाढी करा म्हणून लागावं लागायचं, त्यानं आपणहून आरसा मागितला. सासू दाराआड जाऊन रडली. तिलाही रडू आलं होतं, नाही कशाला म्हणायचं?

पत्र आल्यावर मात्र तिनं त्याचं नर्सरीत जाणं बंद केलं. मालकीणबाईंनी रोपांच्या पिशव्या गाडीत घालून घरीच पाठवल्या. तो दार लोटून खाटेवर बसून कलमं बांधायचा, आणि ती दाराशी बसून रस्त्याकडे बघायची. भांडण रोजचंच.

"हंगाम तीन महिन्यांचा," ती म्हणायची. "कार्ड एकदा गेलं की नवा अर्ज, नवे डॉक्टर, दीड वर्ष. त्या दीड वर्षात नळ्या कुठून आणू मी? सांगा ना, कुठून आणू?"

"तीन महिने तर जगू दे."

"आणि मग?"

मग तो दुसरी काडी उचलायचा.

हात घासून झाले. जेवढा चीक निघायचा तेवढा निघाला. मग ती घर आवरायला लागली. रोपांच्या पिशव्या मागच्या भिंतीआड नेल्या. प्लास्टिकच्या पट्ट्या पिठाच्या डब्यात घातल्या. चाकू त्याच्या उशीखाली सरकवला, कारण तो चाकू दुसरीकडे कुठं ठेवलेला त्याला खपत नसे. जमिनीवरच्या सालीची एकेक ढलपी वेचली. काड्यांची जुडी राहिली. ती तिनं ओल्या पोत्यात गुंडाळली, वरून तांब्याभर पाणी शिंपडलं आणि खाटेखाली ढकलली. यात तिनं क्षणभरही विचार केला नाही. काडी सुकली की मेली. ज्या घरात कलमं बांधली जातात तिथं पोतं ओलं करायला डोकं लागत नाही, हात आपसूक पाण्याकडे जातो.

"आता तुम्ही आडवे व्हा," ती म्हणाली.

"बसून राहिलो तर?"

"आडवे व्हा म्हटलं ना."

त्याला तिनं काखेत हात घालून खाली सरकवलं, पाय सरळ केले, चादर ओढली. सहा वर्षं तिनं याच माणसाला उठून बसा, उठून बसा म्हणून हैराण केलं होतं. मग ती सासूकडे वळली. म्हातारी उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. "आई, तुम्ही फक्त हो आणि नाही. तिसरा शब्द नको."

"मला काय करायचंय बोलून?" म्हातारी म्हणाली. "माझ्या जित्याजागत्या पोराला प्रेतासारखं निजवलंय. बघवत नाही एवढंच."

"झालं? हाच तिसरा शब्द."

तपासनीस वेळेवर आला. तिला वाटलं होतं कोणी आडदांड, मिशावाला येईल; हा आपला बारकासा, घामेजलेला, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. तिनं पाणी दिलं ते त्यानं एका दमात संपवलं. खुर्ची एकच होती, तिचा एक पाय लुळा. तो बेतानं बसला आणि मांडीवर कागद ठेवून विचारायला लागला. स्वतः उठता का? नाही. कूस बदलता? बायको बदलते. जेवण हातानं?

"हातानं," शेंडेवाला म्हणाला. "पायानं जेवत नाही अजून."

तिनं त्याच्याकडे डोळे वटारले. तपासनीस मात्र हसला, आणि त्यानं लिहून घेतलं. "दिवसभर काय करता?"

"वर बघतो. पत्रे मोजतो."

"किती आहेत?"

"चौदा."

तपासनिसानं खरंच वर बघून मोजले. मग सासूकडे वळून म्हणाला, "आजी, मुलगा काही काम करतो का हो? शिवण, टोपल्या, असं काही?"

"नाही," म्हातारी म्हणाली. इथवर ठीक होतं. पण तिला राहवलं नाही. "आता नाही. पण एके काळी माझ्या पोरासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, विचारा कुणालाही. त्यानं बांधलेलं कलम..."

"आई, तुमचं औषध राहिलंय," ती मध्येच म्हणाली आणि हाताला धरून म्हातारीला आत घेऊन गेली. औषध कसलं नि काय, ओंजळभर पाणी पाजलं.

परत आली तर तपासनीस खाली बघत होता. खाटेखालून पाण्याचा एक बारीक ओघळ निघाला होता आणि जमिनीच्या उतारानं वाकडातिकडा येत त्याच्या पायाच्या बोटापाशी पोचला होता.

"पिशवी गळतेय का?" त्यानं हळू आवाजात विचारलं. त्याला वाटलं लघवीची.

हो म्हणायचं होतं! एवढं आयतं तोंडात दिलं होतं बिचाऱ्यानं. पण "हो" तिच्या ओठांवर येईतो तो वाकला होता आणि त्याला पोत्याचं टोक दिसलं होतं. त्यानं ते बाहेर ओढलं, उलगडलं. एकसारख्या कापलेल्या, कोंबाचे डोळे फुगलेल्या काड्या.

"माझ्या वडलांची छोटी बाग होती," तपासनीस म्हणाला. "आज सकाळी ओलं केलंय हे पोतं. कोण बांधतं कलमं?"

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही."

"हो, मीच. नर्सरीतून आणते. घरबसल्या करते, यांच्याकडे बघून जमेल तसं."

तपासनिसानं एक काडी बोटांत फिरवून बघितली. मग त्यानं कागद बाजूला ठेवला. "एक बांधून दाखवा बरं."

मागे सरायला वाट नव्हती. भिंतीआडून रोपाची एक पिशवी आणली, पिठाच्या डब्यातून पट्टी काढली, झटकली तरी पिठानं पांढरी ती पांढरीच. उशीखालचा चाकू काढताना नवऱ्याची नजर चुकवली. शेजारी बसून हजारदा बघितलेलं काम होतं. रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची, काडीला खालून दोन्हीकडून तासून पाचर करायची, पाचर चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची, पट्टी गुंडाळायची. तोंडपाठ होतं सगळं. पण हात काही तोंडाचं ऐकेना. रोपाला चीर दिली ती तिरकी गेली. काडी तासायला घेतली तर एक बाजू खरवडून निघाली, दुसरी तशीच. तपासनीस बघत होता. खाटेवरून नवरा बघत होता. त्याचा श्वास तिला ऐकू यायला लागला. तो जोरात चालला होता, पायात काटा मोडलेल्या माणसाचा चालतो तसा. तिनं काडी उलटी केली, चाकू स्वतःकडे ओढला, पातं सटकलं आणि अंगठ्यात गेलं.

"अगं, कुठं कापतेयस!" तो ओरडला.

आणि उठला. म्हणजे कमरेपासून वर, दोन्ही कोपरांवर, मग हातांवर, मग भिंतीला पाठ लावून बसला. चादर खाली घसरली. "इकडे आण. आण म्हणतो ना! आणि बोट चोख आधी."

तिनं दिलं. काय करणार होती? त्यानं तिरकी चीर एका कापात काढून टाकली, खाली नवी दिली. काडी फिरवली, दोन काप, बस्स, पाचर तयार. ती चिरेत बसवून त्यानं सालीवरून अंगठा फिरवला, डोळ्यांनी न बघता, आणि पट्टी अशी गुंडाळली की शेवट कुठं झाला ते कळू नये. हे सगळं होईतो तिच्या अंगठ्यातलं रक्तही थांबलं नव्हतं. पिशवी मांडीवर ठेवून त्यानं मान वर केली, आणि तेव्हा कुठं त्याला खोलीत कोण बसलंय याचं भान आलं.

मागच्या दारी म्हातारी कोंबड्यांवर ओरडत होती.

"छान आहे," तपासनीस शेवटी म्हणाला. "लागेल हे, जगेल."

"साहेब," ती म्हणाली. तिनं फळीवरून नळ्यांचं पुडकं काढलं आणि नुसतंच त्याच्यापुढं धरलं. "हे बंद होईल साहेब. एकदा बंद झालं होतं. मरता मरता वाचलेत."

"ठेवा ते. ठेवा, बाई." तपासनिसानं कागद पुन्हा मांडीवर घेतला. "हे बघा. यात दोनच रकाने आहेत. काम करण्यास सक्षम. काम करण्यास असमर्थ. थोडं करू शकतो, बसून करू शकतो, तीन महिने करू शकतो, असं लिहायला जागाच नाही. मी नाही केलेला हा कागद."

"मग लिहा सक्षम," शेंडेवाला म्हणाला. "बघितलंत ना? लिहा. कुणीतरी एकदा लिहा."

"अहो!" ती किंचाळलीच. "तोंड आवरा!"

"का? चोरी केली का मी?"

तपासनिसानं पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. मग फक्त तिच्याकडे बघून, भरभर, जणू स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून बोलला, "फोटो लावावा लागतो सोबत. कसा काढू ते सांगा, बसलेला की निजलेला. आणि एक ध्यानात ठेवा, फेरतपासणी होणार. माझ्याऐवजी दुसरा कुणी येईल, न कळवता. तो घरी नाही येणार. तो नर्सरीत जाईल आणि विचारेल, या कलमांच्या ओळी कुणी बांधल्या. तिथं एक जण जरी म्हणाला यांनी, तर माझीही नोकरी गेली."

म्हणजे निवड तिच्यावर आली. नवरा भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर कलम, हातात उघडा चाकू, कपाळावर घाम, आणि पडल्यापासून इतका देखणा तो तिला कधी दिसला नव्हता. ती उठली. आधी कलम उचललं. मग चाकू. त्यानं मूठ घट्ट धरली होती. तिनं एकेक बोट सोडवलं.

"नको गं," तो म्हणाला. ओरडला नाही, हळूच म्हणाला.

तिनं त्याला खाली सरकवलं, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि त्याचे दोन्ही हात, काम करून गरम झालेले, चादरीखाली सारले. वर आपला हात दाबून धरला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडे लागतात," तपासनीस म्हणाला.

उघडले त्यानं. फोटो निघाला.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्याला फडकं बांधून नर्सरीत जायला निघाली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून होता. तिनं चाकूसाठी उशीखाली हात घातला. त्यानं तिचं मनगट पकडलं, चांगलं दुखेपर्यंत. मग सोडलं.

"पहिली दहा वाया जातील," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "जाऊ देत. घाबरून हळू कापू नकोस. हळू कापलं की चुरतं."

नर्सरीत हिरव्या जाळीखाली आठ जणी ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्या टोकाला त्याची बसायची फळी रिकामी होती आणि तिच्यापुढं त्यानं पत्र येण्याआधी बांधलेल्या ओळी उभ्या होत्या. शेंड्यांना तांबूस पालवी फुटलेली. एकही मेलेलं नाही. बायका काम थांबवून त्याच ओळींकडे बघत होत्या. मालकीणबाई पाइप टाकून पुढं आल्या.

"आलीस? तो कसा आहे गं? काय म्हणाला तपासनीस? कधी पाठवतेस त्याला? बघ तरी काय हात आहे माणसाचा!"

तिनं आठही तोंडांवरून नजर फिरवली. यांतलंच एखादं असेल. नसेलही. पण उद्या विचारणारा येईल तो यांनाच विचारेल.

"त्यांचा कसला हात बाई," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, जाळीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. "त्यांना काही जमत नाही. हात थरथरतात. घोटभर चहा धरवत नाही. जीव रमावा म्हणून तुम्ही दया करून बसवलंत, ते नुसते बसायचे. घेऊन जायला आले की त्यांच्या वाटणीच्या ओळी मीच बांधायची."

मालकीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिन्हीसांजेला ती फक्त तीनचाकी ढकलायला यायची, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तिचे कान तापले होते. डोळ्यांत पाणी यायला बघत होतं, ते तिनं येऊ दिलं नाही. फळीवर बसून रोप ओढलं, चाकू काढला. चीर वाकडी गेली. दुसरं रोप घेतलं. तेही वाया गेलं. सगळ्या बघत होत्या. या ओळी आपण बांधल्या म्हणणाऱ्या बाईला चाकू कसा धरायचा तेही येत नव्हतं.

शेजारची मावशी, सगळ्यांत जुनी कलम बांधणारी, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेत तिच्याकडे सरकली. तिची मूठ धरली, चाकू फिरवून पातं बाहेरच्या बाजूला केलं, आणि आपल्या कामाकडे वळली.

"अंगठा दुखावलाय हिचा," मावशी इतरांना म्हणाली. "म्हणून आज वाकडं जातंय. एरवी हिच्यासारखा हात नाही. या ओळी हिच्याच. मी इथंच बसलेली असते, मला ठाऊक आहे."

थोड्या वेळानं पलीकडची एक जण म्हणाली, "हो, मी पण बघितलंय." मग दुसरी. मालकीणबाईंनी खाली पडलेला पाइप उचलला आणि पाणी घालायला लागल्या.

ती घरी आली तेव्हा उजेड होता. तो बसलेला होता. सासूनं बसवलं असावं. तिनं चाकू उशीखाली ठेवला आणि पाय धुवायला गेली. परत आली तेव्हा तो तिची वाट बघत होता.

"किती बांधलीस?"

"चौतीस. निम्मी मरतील, मावशी म्हणतेय."

"निम्मी जगणार म्हणजे पुष्कळ झालं." तो चादरीचा काठ चुरगाळत राहिला. "माझं विचारलं का कुणी?"

"सगळ्यांनी विचारलं."

"मग? काय सांगितलंस तू?"

ती त्याच्याजवळ खाटेवर बसली.

"सांगितलं," ती म्हणाली, "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. सगळ्या हो म्हणाल्या."

तो हसला. कालपासून पहिल्यांदा.

"मावशी पण?"

"मावशीच आधी म्हणाली."

"बरोबर आहे. तिला कळतं," शेंडेवाला म्हणाला, आणि तिचा कापलेला अंगठा बघायला मागितला.